शिकण्याची गोष्ट सांगणारा कुंगफूपट

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हाँगकाँगच्या जुन्या मारधाडपटांवर जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आवडीने वाचला. लेखकाची माहिती चांगली आहे आणि भाषा खुसखुशीत आहे. पण त्यांनी शेवटी काढलेला निष्कर्ष मला पटला नाही. या चित्रपटांवर आजही जीव टाकणारे लोक प्रत्यक्षात चित्रपट पाहत नसून आपले पोरवय पाहत असतात, आणि स्मरणरंजनाचा हा मुलामा खरवडला तर खाली उड्या, आरोळ्या आणि सूड एवढेच उरते, असे त्यांचे म्हणणे आहे. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतीत ते खरेही असेल. मात्र ज्या एका चित्रपटाचा त्यांनी अर्ध्या वाक्यात, तोही नुसता नावापुरता उल्लेख केला आहे, तो ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या निष्कर्षात बसत नाही, आणि तो का बसत नाही हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

हा चित्रपट 1978 साली हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या कंपनीने काढला. त्या काळी ही कंपनी म्हणजे चित्रपटांचा कारखानाच होता. क्लिअरवॉटर बे येथील त्यांच्या वसाहतीत राजवाडे, बाजारपेठा, मठ आणि सराया यांचे कायमचे सेट उभे असत आणि एकाच वेळी अनेक चित्रपटांचे काम चाले. अशा घाण्यातून बाहेर पडलेल्या बहुतेक मालाचे जे व्हायचे तेच झाले, म्हणजे तो विस्मरणात गेला. हा चित्रपट टिकला, याचे पहिले कारण त्याचा दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग हा आहे. मारामारीची दृश्ये बसवणारे पुष्कळ लोक त्या धंद्यात होते, परंतु लाउ यांच्याकडे ती विद्या वारशाने आलेली होती. त्यांचे वडील लाउ चाम हे लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम साय-विंग हे दक्षिण चीनमधील विख्यात उस्ताद वाँग फेइ-हुंग यांचे शिष्य. हुंग गार नावाच्या युद्धकलेची ही परंपरा घरातच असल्याने लाउ यांना कुंगफू हा पडद्यावरचा चमत्कार वाटला नाही. शिकायची, शिकवायची आणि शिकताना हाडे दुखवून घ्यायची ती एक विद्या आहे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. साठच्या दशकात चांग चेह या दिग्दर्शकाच्या गाजलेल्या तलवारपटांसाठी त्यांनी साहसदृश्ये बसवली आणि 1975 पासून ते स्वतः दिग्दर्शन करू लागले. चांग चेह यांच्या चित्रपटांत नायक रक्तबंबाळ होऊन वीरमरण पत्करतो. लाउ यांना त्या मरणात फारसा रस नव्हता. त्यांना नायक घडतो कसा, यात रस होता.

कथा थोडक्यात सांगतो, कारण ती तशी साधीच आहे. चीनवर मांचू लोकांच्या छिंग घराण्याची सत्ता आहे. ग्वांगदोंग प्रांतातला एक तरुण विद्यार्थी आपल्या गुरुजींच्या प्रभावाने त्या राजवटीविरुद्धच्या गुप्त चळवळीत ओढला जातो. निरोप पोचवण्यासाठी त्याच्या वडिलांच्या मासळीच्या दुकानाचा उपयोग होतो, कट उघडकीस येतो आणि सेनापती तिएन ताचे शिपाई शाळा, दुकान, घर सारे उद्ध्वस्त करतात. जखमी अवस्थेत तो तरुण कसाबसा युद्धकलेसाठी प्रसिद्ध असलेल्या शाओलिन या बौद्ध मठात पोचतो. पुढे त्याला सान ते हे नाव मिळते. मुख्य भूमिका गॉर्डन लिउ यांची आहे. लाउ कुटुंबाने त्यांना मानलेला मुलगा म्हणून वाढवले होते आणि त्यांचे शिक्षणही याच घराण्यात झाले होते. खलनायकाच्या भूमिकेतले लो लिए हे 1973 मध्ये अमेरिकेत कुंगफूची लाट आणणाऱ्या चित्रपटाचे नायक होते, ही एक जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट.

येथवर चित्रपट चारचौघांसारखाच आहे. अन्याय झाला, नायक वाचला, आता तो बदला घेणार, हे प्रेक्षकाला कळून चुकलेले असते. पण यानंतर दिग्दर्शक जे करतो ते करायला धाडस लागते. सूडाची गोष्ट तो जवळजवळ बाजूला ठेवतो आणि चित्रपटाचा मधला सारा मोठा भाग एका माणसाच्या शिक्षणाला देतो. या भागात खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही, विनोदी पात्राचा उपद्रव नाही. मठात पस्तीस कक्ष आहेत, प्रत्येक कक्षात एक गोष्ट शिकायची आहे, आणि ती आल्याशिवाय पुढच्या कक्षाचे दार उघडत नाही. बस्स, एवढेच. आणि तरीही या भागात प्रेक्षक जागचा हलत नाही.

सुरुवातीलाच एक मार्मिक प्रसंग आहे. कुंगफू शिकायची परवानगी मिळाल्यावर सान तेला विचारले जाते की कोणत्या कक्षापासून सुरुवात करायची आहे, आणि तरुणपणाच्या घमेंडीत तो सगळ्यात वरच्या कक्षाचे नाव घेतो. तेथे ना शस्त्रे आहेत ना वजने. वृद्ध भिक्षू सूत्रपठण करीत बसलेले आहेत, आणि त्यांच्यासमोर हा टिकू शकत नाही, अक्षरशः मागे फेकला जातो. मग तो मुकाट्याने सर्वांत खालच्या कक्षात जातो. तेथे जेवणघराच्या वाटेवर पाण्याचे कुंड आहे, त्यात ओंडके तरंगत आहेत आणि त्यांवरून उडी मारून पलीकडे जायचे आहे. इतर भिक्षू सहज जातात, हा पाण्यात पडतो, आणि ओलाचिंब होऊन पोचेपर्यंत जेवण हुकलेले असते. रागावणारा, ओरडणारा गुरू तेथे कोणी नाही. भूक हाच गुरू आहे. तोल म्हणजे काय, हलके पाऊल म्हणजे काय, यावर कोणी व्याख्यान देत नाही. पडता पडता त्याला ते उमगते आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही.

मी आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण हा विषय शिकवला, त्यामुळे पुढच्या कक्षांकडे माझी नजर थोडी धंदेवाईकपणे जाते, हे कबूल करतो. पाणी वाहण्याच्या कक्षात विद्यार्थ्याने दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताठ पसरून पाण्याच्या बादल्या उचलायच्या आणि चढण चढून पाणी ओतून यायचे, असा नेम आहे. यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्याच्या दंडांना आतल्या बाजूने पाती बांधलेली आहेत आणि त्यांची टोके बरगड्यांकडे वळलेली आहेत. हात जरा खाली आले की पाते कुशीत टोचते. स्नायू थकल्यावर शरीर चोरवाट शोधते, कोपर हळूच खाली येते, खांदा पडतो, आणि हे ज्याचे त्यालाही कळत नाही. प्रत्येक क्रीडाशिक्षकाची निम्मी शक्ती ही चोरवाट दाखवून देण्यात जाते. या कक्षात ते काम पाते करते. गॉर्डन लिउ यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसते त्याला मी अभिनय म्हणायला धजणार नाही. ओठ आवळलेले, नजर समोर, आणि दंडाच्या मागच्या स्नायूला सुटलेला कंप, हे सारे कॅमेरा तुकडे न पाडता शांतपणे दाखवतो.

त्यानंतर मनगटाचा कक्ष येतो. लांब दांड्याच्या टोकाला बसवलेल्या वजनाने घंटेवर ठोके द्यायचे, तेही समोर बसलेला भिक्षू लाकडी वाद्यावर जी लय धरील त्या लयीत. लय वाढली की मनगट भरून येते. डोळ्यांच्या कक्षात दोन्ही गालांशेजारी जाडजूड पेटत्या उदबत्त्या आहेत आणि समोर हलता दिवा आहे. डोके तसूभरही न हलवता केवळ बुबुळांनी त्या दिव्याचा पाठलाग करायचा. डोके हलले की गाल भाजतो. डोक्याच्या कक्षात वाळूने भरलेल्या पिशव्या टांगलेल्या आहेत आणि कपाळाने त्यांना धडका देत पुढे सरकायचे आहे. तेथे सान ते भोवळ येऊन पडतो. पस्तीसपैकी मोजकेच कक्ष दिग्दर्शकाने दाखवले आहेत. पाय, मुठी, शस्त्रे यांचे कक्ष तो भराभर आटोपतो, आणि ते योग्यच आहे, कारण तोवर शिकण्याची रीत प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली असते.

या कक्षांचा क्रम नीट पाहिला तर त्यामागचा विचार ध्यानात येतो. आधी तोल, मग ताकद, मग लय, मग नजर, आणि प्रतिस्पर्ध्यावर उगारण्याचा हात त्यानंतर कितीतरी उशिरा. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. त्याला हौद्यातली माती उकरायला लावतात, जोर-बैठका मारायला लावतात, वस्ताद नुसते पाहत असतात, आणि कित्येक दिवसांनी एखादा शब्द बोलतात. ज्याने हे पाहिले आहे त्याला सान तेच्या मठात परके वाटण्याचे कारण नाही. ज्याने पाहिलेले नाही, आणि आजच्या शहरांत ‘सहा महिन्यांत ब्लॅक बेल्ट’ अशा पाट्यांखालून जो रोज जातो, त्याला हा चित्रपट एक हरवलेली गोष्ट दाखवतो, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे वेळ. पडद्यावरचा नायक सहसा एका गाण्याच्या कालावधीत तयार होतो. तो धावतो, घाम पुसतो, सूर्य उगवतो आणि गाणे संपेपर्यंत तो अजिंक्य झालेला असतो. येथे वर्षे जातात आणि ती गेल्यासारखी वाटतात.

यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. लाउ यांना लढणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसायला हवा असे. चित्रपट रुंद पडद्यासाठी चित्रित झाला आहे आणि त्या रुंदीचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला आहे. दोघे लढत असतील तर दोघेही संपूर्ण दिसतात, एकाचा हात आणि दुसऱ्याचा चेहरा अशी चिंधड्या-चिंधड्यांची जोडणी ते करीत नाहीत. ज्यांना लढता येत नाही त्यांची लढाई संकलकाला लढावी लागते. येथे तशी गरजच नव्हती. दुर्दैवाने अनेक वर्षे हा चित्रपट जगाने टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, आणि चौकोनी पडद्यात बसवण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजू छाटलेल्या असत. म्हणजे लढणाऱ्या दोघांपैकी एक जण बरेचदा चौकटीबाहेरच. त्यावर इंग्रजी संवाद चिकटवलेले, ते असे की ओठ थांबल्यावरही वाक्य चालूच. इतक्या हालअपेष्टा सोसूनही ज्याने प्रेक्षक मिळवले, त्या चित्रपटात स्मरणरंजनापलीकडे काहीतरी असलेच पाहिजे, एवढे तरी लेखकाने मान्य करावे.

माझ्या मते चित्रपटाचा खरा कस लागतो तो सर्व कक्ष पार केल्यानंतर. मठाधिपती सान तेला एखाद्या कक्षाचे अधिकारपद देऊ करतात, पण शिस्तीचा अधिकारी असलेला ज्येष्ठ भिक्षू हरकत घेतो आणि त्याला आपल्याशी लढून पात्रता सिद्ध करायला सांगतो. या भिक्षूच्या हातात दोन आखूड, रुंद तलवारी आहेत. सान ते हरतो. शस्त्र बदलून पुन्हा येतो, पुन्हा हरतो. ज्याने पस्तीस कक्ष पार केले तो माणूस आता नव्या कक्षाविना अडकला आहे, कारण समोरच्या माणसाला उत्तर देणारी गोष्ट त्याला कोणी शिकवलेलीच नाही. बांबूच्या बनात सराव करताना त्याला उत्तर सुचते आणि तीन तुकडे साखळीने जोडलेली काठी जन्माला येते. आडव्या धरलेल्या काठीवर वार झाला की साधी काठी तुटते वा अडकते. ही काठी मुडपते, वार जिरवते आणि दुसऱ्या टोकाने उलटते. पडद्यावर हे क्षणात कळते, कारण आधीच्या पराभवांत अडचण नेमकी कोठे आहे हे दिग्दर्शकाने आपल्याला दाखवून ठेवलेले असते. शिष्याने गुरूंकडून सारे घ्यावे आणि मग गुरूंकडे नसलेले काही स्वतः घडवावे, हा शिक्षणाचा शेवटचा टप्पा इतक्या स्पष्टपणे दाखवणारे चित्रपट, कोणत्याही प्रकारातले, मी तरी फार पाहिलेले नाहीत.

आणि मग चित्रपटाच्या नावातला छत्तिसावा कक्ष येतो. कोणताही कक्ष निवड असे सांगितल्यावर सान ते नवाच कक्ष मागतो. मठाच्या भिंतींआड राहिलेली ही विद्या बाहेरच्या सामान्य लोकांना शिकवावी, अशी त्याची मागणी आहे. मठ हादरतो. विद्या पवित्र आहे, ती संसारी लोकांच्या हाती देता येत नाही, असा नियम आहे. त्याला शिक्षा म्हणून भिक्षा मागायला मठाबाहेर धाडले जाते, आणि ही शिक्षा म्हणजे आडून दिलेली परवानगी आहे हे चाणाक्ष प्रेक्षकाच्या लक्षात येते. तो बाहेर पडतो, राजवटीने गांजलेली कष्टकरी पोरे गोळा करतो, सेनापतीचा हिशेब चुकता करतो आणि परत येऊन सर्वांसाठी छत्तिसावा कक्ष उघडतो. विद्या कोणाच्या मालकीची, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकाला उलगडून सांगावा लागत नाही. सूडकथेच्या आवरणात हा प्रश्न विचारला गेल्यामुळे शेवटी सेनापती मेल्याचे समाधान दुय्यम ठरते, आणि अंगणात सराव करणारी ती साधी माणसे पाहून जे वाटते ते मुख्य ठरते.

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे काही लोकांना भिडला. न्यूयॉर्कमध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या स्वस्त चित्रपटगृहांत आणि शनिवारी दुपारी टीव्हीवर हे चित्रपट दाखवले जात, आणि त्यांचा मोठा प्रेक्षकवर्ग कृष्णवर्णीय वस्त्यांतला होता. न्यूयॉर्कच्याच स्टेटन आयलंड भागातल्या मुलांनी उभ्या केलेल्या वू-तांग क्लान या रॅप गटाने नोव्हेंबर 1993 मध्ये आपला पहिला अल्बम काढला तेव्हा त्याच्या नावातच ‘36 चेंबर्स’ हे शब्द घातले. आपल्या भागाला ते शाओलिनच म्हणत. त्या गटाचा सूत्रधार रिझा याने या चित्रपटाविषयी पुष्कळदा सांगितले आहे, आणि त्याचा रोख मारामारीवर कमी व जुलमी सत्तेखाली दबलेल्या माणसाने शिस्तीच्या बळावर उभे राहण्यावर अधिक असतो. पुढे त्याने चित्रपटगृहात हा चित्रपट चालू असताना त्याला प्रत्यक्ष नवे संगीत देण्याचे कार्यक्रमही केले. ज्यांचे पोरवय हाँगकाँगमध्ये गेले नाही, ज्यांना चिनी इतिहासाचा गंध नाही, त्यांना छिंग राजवटीतला हा भिक्षू आपला वाटला, ही गोष्ट स्मरणरंजनाच्या चौकटीत कशी बसवायची, हे लेखकाने सांगावे.

अमेरिकी दिग्दर्शक क्वेंटिन टॅरेंटिनोने ‘किल बिल’ या चित्रपटाच्या दोन भागांत गॉर्डन लिउ यांना दोन वेगळ्या भूमिका दिल्या, हे लेखात आले आहेच, दुसऱ्या भागातला तो पांढऱ्या दाढीचा निर्दय गुरू म्हणजे जुन्या शॉ चित्रपटांना केलेला सलाम आहे. लेखात जे आले नाही ते असे की 2009 च्या ‘चांदनी चौक टू चायना’ या हिंदी चित्रपटात अक्षय कुमारसमोर खलनायक म्हणून उभे राहिलेले नट हेच. आपल्याकडच्या प्रेक्षकांनी सान तेला पाहिले होते, फक्त तोच तो हे ठाऊक नव्हते. त्या चित्रपटाने त्यांना काय काम दिले यावर न बोललेले बरे.

मी या चित्रपटाचा भाट नाही, म्हणून त्याच्या उणिवाही सांगतो. मठ सोडल्यावरचा भाग घाईत उरकला आहे. ज्या दिग्दर्शकाने बादल्या वाहण्याला इतका वेळ दिला, तो नायकाचे नवे साथीदार मात्र एकेका प्रसंगात गोळा करून मोकळा होतो, आणि त्यातले कोण कोण हे लक्षात ठेवणे कठीण जाते. स्त्रियांना या कथेत जवळजवळ स्थानच नाही. मांचू अधिकारी एकजात क्रूर आहेत. त्यांच्यातल्या एकालाही दुसरी बाजू नाही. त्या काळच्या हाँगकाँगी चित्रपटांतली झपकन चेहऱ्यावर जाणारी झूम आज पाहताना हसू येते. सेट हे सेटच वाटतात. सूत्रांच्या कक्षात पुरेसे तत्त्वज्ञान आहे असेही मी म्हणणार नाही. तेथे दिग्दर्शकाने थोडी जादू वापरून सुटका करून घेतली आहे. तरीही या उणिवांनी मुख्य गोष्टीला धक्का लागत नाही, कारण त्या सगळ्या सूडकथेच्या बाजूच्या आहेत आणि चित्रपटाचा जीव सूडकथेत नाही.

लाउ यांना हे स्वतःला पक्के ठाऊक असावे, कारण 1980 मध्ये त्यांनी जो पुढचा चित्रपट काढला त्यात सूड आणखी मागे गेला आणि शिक्षण आणखी पुढे आले. त्यात गॉर्डन लिउ सान ते नाहीत, तर सान तेचे सोंग घेऊन फिरणारा एक भामटा आहेत. हा भामटा खरोखरच मठात जातो, आणि कुंगफू शिकवा म्हणून मागे लागल्यावर खरा सान ते त्याला मठाच्या डागडुजीसाठी बांबूची परांची बांधायला लावतो. बांबू बांधणे, चढणे, उतरणे, तोल सांभाळणे हे करता करता त्याच्या अंगात कुंगफू मुरते आणि ते त्याचे त्यालाच कळत नाही. कष्टाच्या कामातून विद्या अंगी येते, हे पहिल्या चित्रपटाचे सूत्र येथे विनोदाच्या अंगाने मांडले आहे. ज्या माणसाने एकच विचार असा दोन रीतींनी मांडला, त्याला केवळ ‘मारधाडपटांचा दिग्दर्शक’ म्हणून मोडीत काढता येत नाही.

लेखकाने सारा भर ब्रूस ली यांच्यावर दिला आहे, ते स्वाभाविक आहे. केशकर्तनालयापासून व्यायामशाळेपर्यंत त्यांचे पोस्टर आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु ब्रूस ली पडद्यावर येतात तेच तयार होऊन येतात. ते कोठे, कोणाकडे, किती वर्षे आणि किती वेळा पडून शिकले, हे त्यांचे चित्रपट आपल्याला फारसे सांगत नाहीत. आपण त्यांच्याकडे थक्क होऊन पाहावे एवढीच अपेक्षा असते, आणि आपण थक्क होतोही. सान ते हा मात्र सुरुवातीला आपल्यापेक्षा दुबळा आहे. त्याला पाहून थक्क होण्याआधी आपल्याला त्याची कीव येते, मग त्याच्याबद्दल धाकधूक वाटते, आणि मग कधीतरी, बहुधा त्या बादल्यांच्या चढणीवर, आपण त्याच्या बाजूने श्वास रोखून बसलेलो असतो. चाहतेपणाच्या या दोन जाती वेगळ्या आहेत आणि त्यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही.

आता एक विनंती. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्या आणि महोत्सव जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचे सामुराईपट आदराने दाखवतात, आणि ते योग्यच आहे. चिनी दिग्दर्शक किंग हू यांच्या ‘अ टच ऑफ झेन’ला 1975 मध्ये कान महोत्सवात तांत्रिक गुणवत्तेचे पारितोषिक मिळाल्यावर त्या तलवारपटालाही अभ्यासकांच्या यादीत जागा मिळाली. लाउ कार-ल्युंग 2013 मध्ये वारले. त्यांच्या चित्रपटांचे एखादे सिंहावलोकन मुंबई-पुण्यातल्या महोत्सवांनी आणि कोल्हापूर-सांगलीतल्या चित्रपट मंडळांनी जरूर करावे. शॉ कंपनीचा जुना साठा 2000 मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने विकत घेऊन शेकडो चित्रपटांची दुरुस्ती केली आहे, त्यामुळे स्वच्छ आणि पूर्ण रुंदीची प्रत मिळणे आता अवघड राहिलेले नाही. दाखवताना मात्र इंग्रजी संवादांची प्रत कृपया लावू नये. मँडरिन संवाद आणि खाली उपशीर्षके अशीच प्रत लावावी, आणि शक्य झाल्यास ती उपशीर्षके मराठीत करून घ्यावीत. आणखी एक सुचवतो. प्रदर्शनानंतरच्या चर्चेला नेहमीच्या समीक्षकांबरोबर एखाद्या तालमीचे वस्ताद आणि त्यांचे चार पठ्ठे यांना आवर्जून बोलवावे. बादल्यांचा कक्ष पाहून ते काय म्हणतात, हे आपल्या पुरवणीत छापले तर मी ते लेखापेक्षाही आधी वाचीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, मिरज